तेविसावा तुकडा

प्रारणपटाची झडप उघडली की या खोलीत ऐंशी सूर्य उगवतात, असं डॉ. सुनेत्रा कोपर्डे प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या माणसाला सांगत असे. त्यात अतिशयोक्ती नव्हती. भर दुपारी आपल्या अंगावर जेवढं ऊन पडतं त्याच्या ऐंशी पट उष्ण प्रारण या पटातून, म्हणजे प्रखर दिव्यांच्या भिंतीतून, बाहेर पडे आणि समोरच्या चौकटीत ताणून बसवलेल्या वीतभर कापडावर आदळे. कापडाच्या मागे तांब्याची एक काळी तबकडी होती. आत माणूस असता तर त्याच्या कातडीला किती चटका बसला असता, ते ती तबकडी सांगे. साधं सुती कापड दुसऱ्या सेकंदाला धुरायला लागे आणि तिसऱ्याला पेट घेई. सुनेत्राने घडवलेलं कापड पेटत नसे. ते काळं पडे, स्वतःवर कोळशाचा एक पातळ थर धरे आणि त्या थराआड बारा सेकंद तग धरून राही.

इचलकरंजीच्या वस्त्रताप संस्थेत हे कापड घडवण्यात तिची चार वर्षं गेली होती. ते हवं होतं माण तालुक्यातल्या खडकवणच्या सौरमनोऱ्याला. तिथल्या माळावर नऊ हजार आरसे सूर्याकडे बघत उभे होते. प्रत्येक आरसा आपल्या वाट्याचं ऊन मधल्या उंच मनोऱ्यावर फेकायचा आणि त्या उष्णतेवर वीज तयार व्हायची. माळावरची धूळ आरशांवर बसे. ती पुसायला गावातली बेचाळीस माणसं होती. त्यांना सगळे आरसेकरी म्हणत. आरसा फिरवणारं यंत्र बिघडलं तर त्याचा झोत मनोऱ्याऐवजी जमिनीवर उतरण्याची शक्यता होती, आणि असे पाच-पन्नास झोत एका जागी पडले तर तिथला माणूस ऐंशी सूर्यांखाली सापडला असता. झोताबाहेर पडायला चार-पाच पावलं लागतात. बारा सेकंद त्याला पुरेसे होते. कृत्रिम धाग्याचा पोशाख वितळून अंगाला चिकटतो, आणि चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात तो घालून दिवसभर कामही होत नाही. म्हणून कापूसच हवा होता.

मंजुरीच्या चाचणीचा नियम कडक होता. एकाच ताग्यातले चोवीस तुकडे तीन आठवडे खोलीत टांगून ठेवायचे, म्हणजे कापड स्थिरावतं. मग एकेक करून प्रारणपटासमोर धरायचे. एक जरी पेटला तरी कारण शोधायचं आणि चाचणी पहिल्यापासून सुरू करायची.

बावीस तुकडे उत्तीर्ण झाले. तेविसाव्यावर सकाळी यंत्राच्या तेलाचा डाग पडला होता. सुनेत्राने कपाटातला तागा काढला, त्यातून दुसरा तुकडा कापला आणि तोच चौकटीत बसवला. तीन आठवडे टांगण्याचा नियम तिला ठाऊक होता. पण एका तुकड्यासाठी तीन आठवडे कोण थांबणार, असं तिला वाटलं.

तो तुकडा चौथ्या सेकंदाला भडकला.

खोलीत ती एकटीच होती. तिने झडप बंद केली आणि कितीतरी वेळ राखेकडे बघत बसली. मनोऱ्याचं उद्घाटन महिन्यावर आलं होतं. संचालक डॉ. हुपरीकर रोज संध्याकाळी येऊन विचारत, "कुठवर आलं?" चाचणी पुन्हा करायची म्हणजे दोन महिने गेले. शिवाय तुकडा थेट ताग्यातून घेतला, नियम मोडला, हेही लिहावं लागणार. तिने वहीत लिहिलं, "तुकडा क्रमांक तेवीस चौकटीत नीट बसला नव्हता. बाद." मग डाग पडलेल्या तुकड्याचा स्वच्छ भाग कापून चौकटीत लावला. तो बारा सेकंद टिकला. चोविसावाही टिकला.

तुकडा चौकटीत नीट बसला होता. चारही कोपरे तिने स्वतः बोटाने दाबून पाहिले होते.

दोन वर्षं कोणी काही विचारलं नाही. मनोऱ्यावर पोशाख गेले, प्रत्येक आरसेकऱ्याला दोन-दोन. झोत भरकटण्याची वेळ आली नाही. सुनेत्राला एका परिषदेत पुरस्कार मिळाला. तो घेताना टाळ्या चालू असताना तिला तांब्याच्या तबकडीवर पडलेली राख दिसत होती. एरवी ती ते विसरू शकत असे.

एप्रिलमध्ये एका दुपारी सौरमनोऱ्याचे सुरक्षा अधिकारी इरफान मुलाणी यांचा फोन आला.

"मॅडम, आज अकराला उत्तरेकडच्या ओळीतले साठेक आरसे भरकटले. एक आरसेकरी झोतात सापडला. दादासो विरकर."

"पोशाख होता?"

"होता. पण पेटला. पोरांनी मातीत लोळवून विझवला. माणूस जिवंत आहे, मिरजेला हलवलाय." मुलाणी पुढे म्हणाले, "मॅडम, तो चार सेकंदसुद्धा आत नव्हता. सगळं चित्रित झालंय. चौथ्या सेकंदाला पोशाखच पेटला."

चौथा सेकंद हा आकडा सुनेत्राच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी जळालेल्या पोशाखाचे उरलेले तुकडे प्रयोगशाळेत आले. तिने ते तपासले आणि निकालाचा कागद घेऊन डॉ. हुपरीकरांच्या खोलीत गेली. हुपरीकर एकसष्ट वर्षांचे होते, सुती धाग्याच्या रसायनातले जुने जाणकार. तिला पीएच.डी.ला त्यांनीच मार्गदर्शन केलं होतं.

"सर, कापडात स्फुरद जवळजवळ नाहीच," ती म्हणाली. "आपण चढवला त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही."

हुपरीकरांनी चष्मा लावून कागद पाहिला. कापडाची सगळी भिस्त त्या स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, लेपावर होती. उष्णता आली की लेप कापसातलं पाणी ओढून काढतो आणि धाग्याचा कोळसा करतो. कोळसा पेटत नाही. लेप नसेल तर कापसातून जळणारी वाफ निघते आणि तीच भडकते.

"गेला कुठे स्फुरद?" त्यांनी विचारलं.

"उन्हाने खाल्ला असणार. नोंदवहीत पोशाख दिल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. माळावर रोज आठ तास ऊन, वर आरशांची तिरीप. थोडाथोडा लेप रोज झिजत गेला. त्याला प्रारणथकवा म्हणता येईल."

"मग हे चाचणीत दिसायला हवं होतं. निदान एखाद्या तुकड्यात."

"दिसलं होतं, सर."

मग तिने सांगितलं. तेविसावा तुकडा कसा पेटला, तिने काय लिहिलं, कोपरे कसे घट्ट होते. सांगताना आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही. उलट दोन वर्षं पाठीवर असलेलं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली. ताग्यातून कापण्याची गोष्ट मात्र तिच्या तोंडून निघाली नाही. ती तिने लपवली असं नव्हे. दोन वर्षं ती आपल्या खोट्या कारणाशीच मनात भांडत आली होती आणि खरं कारण त्याच्याखाली दबून गेलं होतं.

हुपरीकरांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"त्या दिवशी तू मला हे सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, ते मला आज सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "बहुधा, पुढे चल, असंच म्हणालो असतो. पण तो माझा प्रश्न. आता काय करायचं?"

"काही पेटण्याजोगे तुकडे ताग्यात आधीपासून होते आणि उन्हाने त्यांची संख्या वाढत गेली, असं मी धरते. जुने पोशाख आजच्या आज परत घ्यायला सांगते. मनोऱ्यावर नव्या पोशाखांची सीलबंद पाकिटं आहेत. उद्या सकाळपासून सगळ्यांनी तेच घालायचे."

"जुने एकदा पटासमोर धरून पाहायला नकोत?"

"ते इथे यायला दोन दिवस लागतील, सर. दोन दिवस त्या माणसांना मेलेल्या कापडात उभं करू?"

हुपरीकरांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं. सुनेत्राने लेखी सूचना पाठवली आणि रात्रभर पहिल्यांदा सलग झोपली.

सकाळी ती मिरजेला गेली. रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या कक्षात दादासो विरकर उजव्या कुशीवर झोपला होता. पस्तिशीचा, काटक बांध्याचा माणूस. डावा हात, खांदा आणि पाठ पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली होती. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली होती. उशाशी त्याची बायको सारिका स्टुलावर बसून होती.

सुनेत्राने आपलं नाव सांगितलं. "तुमच्या अंगावरचं कापड मी तयार केलंय. माफी मागायला आले."

दादासोने तिच्याकडे पाहिलं. "तुमी कशाला माफी मागताय, मॅडम. आरसा फिरला, त्याला कोण काय करणार."

"आरशाने भाजायला नको होतात तुम्ही. कापडाने वाचवायला हवं होतं. दोन वर्षं उन्हात वापरून ते निकामी झालं आणि ते मला आधी कळायला पाहिजे होतं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"दोन वर्षं?" सारिका म्हणाली. "न्हाई मॅडम. दोन वर्षं ह्यांनी घातला तो दुसरा. तो घरी हाय, गुडघ्यात फाटला म्हणून शिवायला काढलाय. ह्यो कोरा व्हता. दोन मिळालं तवा एक मी पेटीत ठेवला, पाकिटासकट. त्या दिवशी सकाळी मीच काढून दिला. घडी पण मोडली नव्हती त्याची."

"पहिल्यांदाच घातला होता?"

"पहिल्यांदाच," दादासो म्हणाला. "दोन तास झालं असतील अंगात घालून."

सुनेत्राच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेची दक्षिणेकडची मोठी खिडकी आली. त्या खिडकीच्या दांडीवर तीन आठवडे चोवीस तुकडे टांगलेले होते. दिवसभर त्यांच्यावर ऊन पडत होतं. आणि एक तुकडा तिने कपाटातून, अंधारातून, थेट पटासमोर आणला होता.

उन्हाने लेप खाल्ला नव्हता. उन्हाने तो पक्का केला होता. कारखान्याच्या भट्टीत लेप धाग्याला चिकटतो असं ते समजत होते. प्रत्यक्षात तो नुसता धाग्यावर बसत असणार आणि पुढे उन्हात आठवडेच्या आठवडे राहून धाग्याशी जोडला जात असणार. कोऱ्या कापडावर ऐंशी सूर्य पडले की सुटा लेप वाफ होऊन उडून जातो आणि मागे उरतो साधा कापूस. राखेत स्फुरद सापडला नाही, कारण तो दोन वर्षांत झिजला नव्हता, चार सेकंदांत उडाला होता. राखेवरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणजे जुने पोशाख सुरक्षित होते. आणि काल संध्याकाळी तिने स्वतःच्या सहीने ते सगळ्यांच्या अंगावरून उतरवले होते.

ती कक्षाबाहेर धावली. जिन्यात उभं राहून तिने मुलाणींना फोन लावला. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"मॅडम, सूचनेप्रमाणे केलंय," मुलाणी म्हणाले. "सकाळी सातला सगळ्यांना नवे पोशाख दिले. सगळे मैदानात आहेत."

"त्यांना बाहेर काढा. आत्ता. सगळे आरसे आडवे करा."

"सगळे? मनोरा बंद पडेल. मला वरची परवानगी..."

"मुलाणी, मी उलटं सांगितलं होतं. नवा पोशाख पेटतो. विरकरांच्या अंगावर नवाच होता. बेचाळीसपैकी एक्केचाळीस माणसं मी आज त्यात उभी केलीत."

पलीकडे श्वासाचा आवाज आला. मग भोंगा वाजलेला तिला फोनमधून ऐकू आला. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. नऊ हजार आरसे आडवे व्हायला सहा मिनिटं लागतात. ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. येणारीजाणारी माणसं तिच्याकडे बघून पुढे जात होती. सहा मिनिटांनी मुलाणी म्हणाले, "आले सगळे बाहेर. मोजून घेतले. एक्केचाळीस." तेव्हा तिने फोन खाली घेतला.

काही जुने आणि काही कोरे पोशाख दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत पोहोचले. या वेळी हुपरीकर स्वतः पटाजवळ उभे राहिले. जुन्या पोशाखांचे दहा तुकडे, सगळे बारा सेकंद टिकले. त्यातले काही इतके विरले होते की आरपार उजेड दिसत होता, तरी टिकले. मग पाकिटातून काढलेल्या कोऱ्या पोशाखांचे दहा. त्यातले सात पेटले, बहुतेक चौथ्या सेकंदाला.

"पिकतं हे कापड," हुपरीकर राखेकडे बघत म्हणाले. "उन्हात पिकतं. तीन आठवडे अंगणात वाळत घातलं असतं तरी पुरलं असतं."

"तेविसावा तुकडा मी ताग्यातून थेट कापला होता, सर. ते मी लिहिलं नाही. त्या दिवशी तुमच्या खोलीत सांगितलंसुद्धा नाही."

हुपरीकरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते तिला समजलं. वहीत तिने खरं कारण लिहिलं असतं, 'ताग्यातून थेट घेतलेला, न टांगलेला', तर ते वाचणाऱ्या पहिल्याच जाणत्या माणसाने विचारलं असतं, टांगल्याने असा काय फरक पडतो? उत्तर त्या एका ओळीत होतं. तिने नेमकी तीच ओळ लिहिली नव्हती.

संस्थेने चौकशी समिती नेमली. सुनेत्राने समितीला सगळं लिहून दिलं आणि चाचणीच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार स्वतःहून सोडला. मिरजेला परत जायला निघाली तेव्हा हुपरीकर तिला दारापर्यंत सोडायला आले.

"त्या कुटुंबाला काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"चूक आपली होती, एवढं सांग. कोरा आणि जुना यात जाऊ नकोस. त्या बाईने पोशाख पेटीत ठेवला नसता तर तो भाजला नसता, हे तिला कळून काय मिळणार आहे? जन्मभर मनाला लावून घेईल."

सुनेत्राला ते बरोबर वाटलं. गाडीत बसेपर्यंत बरोबर वाटत होतं.

दादासो आता उशीला टेकून बसू शकत होता. सारिका त्याला चमच्याने पेज भरवत होती. सुनेत्राने सांगायला सुरुवात केली. लेप कारखान्यात नीट चिकटला नव्हता, चाचणीत ते मला दिसलं होतं, मी ते दडवलं. सारिका ऐकत होती. तिने चमचा वाटीत ठेवला.

"पण मॅडम, मग बाकीच्यांचं कपडं का न्हाई जळत? मुलाणीसायेब आले व्हते काल. म्हणाले, गडी आता परत जुनंच घालून जात्यात कामाला."

सुनेत्राच्या जिभेवर एक सोपं वाक्य आलं होतं. विरकरांच्या नशिबी खराब तागा आला, एवढंच म्हणायचं होतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

"कारण जुनं कापड उन्हात राहून पक्कं होतं," ती म्हणाली. "कोरं तसं नसतं."

सारिकाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हंजी फाटकाच शिवून घातला असता तर..."

"हात वाचला असता."

दादासोने बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. सारिका आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहिली.

"नवा कपडा जपून ठेवला," ती म्हणाली. "दुसरं काय केलं मी?"

"काही नाही. कोणीही तेच केलं असतं. नवं कापड घालण्याआधी तीन आठवडे उन्हात ठेवा, असं पाकिटावर छापायला हवं होतं. ते मला ठाऊक असतं तर छापलं असतं. आणि मला ते ठाऊक झालं असतं, दोन वर्षांपूर्वी मी एक ओळ खरी लिहिली असती तर. तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. मला होता."

"असं तुमी म्हणताय. गावात लोक काय म्हणतील? सासू काय म्हणंल? बाईनं कापड पेटीत ठेवलं नि नवऱ्याचा हात घालवला."

सुनेत्राने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"लिहून द्या," सारिका म्हणाली. "आत्ता म्हणालात ते सगळं. सही करून."

सुनेत्राने पिशवीतून कागद काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलं. तारीख घातली, तुकड्याचा क्रमांक घातला. तो कुठून कापला, कसा पेटला, वहीत काय लिहिलं आणि खरं काय होतं, ते एकापुढे एक लिहीत गेली. शेवटी लिहिलं की श्री. दादासो विरकर यांना झालेल्या इजेत त्यांचा किंवा त्यांच्या पत्नीचा कोणताही दोष नाही. सही करून तिने कागद सारिकाला दिला.

सारिकाने तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला, नवऱ्याला ऐकू जाईल असा, एकेका शब्दावर बोट ठेवत. 'हे मी जाणूनबुजून दडवले' या ओळीशी तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली आणि मग पुढे गेली.

"इथं नुसतं पत्नी लिवलंय," शेवटाला पोहोचल्यावर ती म्हणाली. "माझं नाव घाला. सारिका दादासो विरकर."

सुनेत्राने नाव घातलं. सारिकाने कागदाची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि पेजेची वाटी पुन्हा हातात घेतली.

"आता जावा तुमी, मॅडम," ती म्हणाली. "ह्यांना खाऊ द्या."